शेरेबुकातलं दूध

सत्तरचं दशक संपत आलं होतं. शाळेत शिकवणारी, बऱ्या घरची बाई म्हणून सरकारनं मला तुरुंगातल्या महिला विभागाची पाहणी करायला नेमलं. सहा महिन्यांतून एकदा जायचं, कैदी बायकांची विचारपूस करायची आणि शेरेबुकात शेरा लिहायचा. आठ दिवस आधी कळवून जायची रीत होती. मलाही तो साधा शिष्टाचार वाटला. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

पहिल्या भेटीला गंगापूर रोडवरून दोन बस बदलून पोचले. फरशी नुकतीच धुतलेली, भिंतींना ताजा चुना. पेठकडची एक बाई चोरीच्या आरोपावरून आत होती, खटला अजून उभा राहायचा होता. तिच्या कडेवर दीड वर्षाची मुलगी. आईबरोबर आत राहणाऱ्या मुलांना रोज दूध द्यायचं, असा नियमच होता. माझ्यासमोर त्या मुलीला पेलाभर दूध दिलं. काही तक्रार आहे का, असं मी आईला विचारलं, तेही शेजारी पहाऱ्यावरची जमादारीण उभी असताना. तिनं पदरानं पोरीचं तोंड पुसलं. मग अधिकाऱ्यांच्या खोलीत चहा आला, पाठोपाठ शेरेबुक आलं आणि मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'मुलांना रोज दूध मिळते. स्वतः पाहिले.'

तीन महिन्यांनी तिचा वकील माझ्या घरी आला. पोरीला दूध मिळत नाही, ती वाळत चाललीय, असं तिनं तारखेला न्यायाधीशांना सांगितलं होतं. तुरुंगानं उत्तर म्हणून माझ्या शेऱ्याची नक्कल जोडली. तिची तक्रार फेटाळली गेली.

दुसऱ्याच दिवशी मी न कळवता गेले. तासभर फाटकावर उभं केलं मला. आत त्या मुलीचे काडीसारखे हात बघून माझं डोकंच फिरलं. आरोप आईवर होता. या पोरीनं कुणाचं काय चोरलं होतं?

"तुमी आल्या त्या दिशीच दूध आलं, बाई," आई म्हणाली. "आदी नाय, मागून नाय."

मग तेव्हाच का नाही सांगितलं, असं मी जरा चिडूनच विचारलं.

"तुमी जाणार घरी. मला हिथंच ऱ्हायचंय."

शेरा दुरुस्त करायला मी शेरेबुक मागितलं. कपाटाची किल्ली साहेबांकडे आणि साहेब बाहेरगावी, असं उत्तर मिळालं. तिथून तडक वकिलाकडे गेले आणि प्रतिज्ञापत्र केलं.

कोर्टात सरकारी वकिलानं हसत हसत विचारलं, "बाई, खोटं कधी लिहिलंत? तेव्हा की आता?"

खोटं बोलणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं करणारी मी.

"तेव्हा," मी म्हणाले. "एक दिवस पाहिलं आणि रोज म्हणून लिहिलं."

न्यायाधीशांनी त्याच दिवसापासून दूध द्यायला लावलं. मला पुन्हा कुणी नेमलं नाही. तीन महिने दीड वर्षाची पोर उपाशी राहिली आणि त्याबद्दल शिक्षा कुणालाच झाली नाही. मलासुद्धा नाही.