किल्ली कारखानीसच्या खिशात होती

राणेकाका कचऱ्याचा डबा फाटकाबाहेर ठेवायला निघाले तरी शर्टाच्या खिशात पासपोर्ट असायचा. आयर्लंडमध्ये, कॉर्कजवळच्या क्रॉसहेवनच्या किनाऱ्यावर आमच्या मराठी मंडळाची सहल गेली, तेव्हा काकांची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय पाण्यात आणि वर खिशात पासपोर्ट, तोही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. लोक हसायचे. "काका, इथे कॉर्कमध्ये कोण मागणार आहे हो तुमच्याकडे?" काका खिशावर थाप मारून म्हणायचे, "माझो पासपोर्ट, माझो खिसो. तुका काय त्रास?"

पहिल्या वर्षी मीही हसले. नंतर कारण कळलं आणि हसणाऱ्यांचाच राग यायला लागला.

काका मालवणकडचे. काम समुद्राचा तळ मोजण्याचं. बोटीत बसून यंत्राने पाण्याची खोली घ्यायची, गाळ कुठे साचलाय आणि जहाज कुठे टेकेल ते सांगायचं. उमेदीची सगळी वर्षं दुबईत घालवून ते इथल्या बंदरात, रिंगास्किडीला आले. मी तिथेच जवळ औषधाच्या कारखान्यात. दुपारी ऊन पडलं (पडलं तर!) की आम्ही धक्क्याजवळच्या बाकावर डबे उघडायचो. माझ्या डब्यात डोकावून काका दर वेळी तेच विचारायचे, "काय गो पुणेकरीण, आज पण आमटीत साखर?" आणि स्वतःच्या डब्यातली तळलेल्या बांगड्याची तुकडी माझ्या झाकणावर ठेवायचे.

मंडळाच्या कार्यक्रमात कुणी दुबईच्या सहलीचे फोटो दाखवायला काढले की काका खुर्ची ओढून जवळ यायचे. "ह्या दिसता ता बेट मी बघलंय पाण्याखाली असताना," अशी सुरुवात. मग पुढे ऐकावं. एवढं वाळवंट दाराशी, पण तिथली वाळू बांधकामाला चालत नाही. वाऱ्याने घासून घासून तिचे कण गुळगुळीत झालेले, एकमेकांना धरून राहत नाहीत. बांधकामाची वाळू जहाजाने परदेशातून यायची. भर घालून केलेल्या बेटांसाठी समुद्राच्या तळाची वाळू उपसून तिचा फवारा मारायचा आणि तो बरोबर जागेवर पडतोय की नाही, हे काका बोटीतून मोजायचे. तिथला तो सगळ्यांत उंच मनोरा एवढा उंच, की रमझानमध्ये वरच्या मजल्यावरच्यांना खालच्यांपेक्षा थोडं उशिरा रोजा सोडावा लागतो. खाली सूर्य मावळला तरी त्यांना वरून दिसतच असतो ना!

"आणि तेलाच्या आदी काय होता ठावक आसा? मोती!" काकांचा आवाज इथे चढायचा. माणसं नाकाला चिमटा लावून तळाशी उतरायची आणि वर आलेला मोती मुंबईच्या बाजारात जायचा. मग जपानने मोती पिकवायला सुरुवात केली आणि धंदा बसला. खाडी गाळाने भरत होती, ती उपसली म्हणून मोठी गलबतं आत आली आणि गाव तगलं. साठच्या दशकापर्यंत तिथे आपला रुपया चालायचा. इथल्या आयरिश मंडळींना तर काका मुद्दाम डिवचायचे. विमानतळावरचं करमुक्त दुकान जगात पहिलं निघालं ते शॅननला, आणि दुबईत तसं दुकान उभारून द्यायलाही इथलीच माणसं गेली. बंदरावरचे गोरे खूश होऊन म्हणायचे, "ग्रँड, ग्रँड!"

एकदा मी फणकाऱ्याने म्हटलं, "जिथे तुमच्यावर असा प्रसंग आला, त्या गावाचं कौतुक कसलं करता काका?" काका डबा बंद करत म्हणाले, "गावाक कित्या नावां ठेवू? गाव मी बांधलंय. नावां माणसाक ठेवूची."

त्या माणसाचं नाव कारखानीस. घ्या, मी सांगून टाकते. मला त्याची भीडभाड नाही.

काकांच्या कंपनीत हा व्यवस्थापक होता. आपलाच, मराठी, गोड गोड बोलणारा. तिथे तेव्हा सर्रास चालायचं तसं, कामावर रुजू होताना माणसाचा पासपोर्ट कंपनी काढून घ्यायची आणि तिजोरीत ठेवायची. तिजोरीची किल्ली कारखानीसकडे. एका गुरुवारी काकांच्या भावाचा गावाहून फोन आला, आई फार वेळ काढणार नाही, निघ. काका तसेच कामाच्या बुटांनी कारखानीससमोर उभे राहिले. तो काय म्हणाला ते काकांनी मला शब्दन् शब्द सांगितलं होतं. "अहो राणे, आजारीच आहेत ना? सर्व्हे संपू दे. तुमच्याकडचे लोक असं बोलावतच असतात." आणि सणाची सुट्टी लागली तसा किल्ली खिशात घालून वाळवंटातल्या तंबूत मेजवानीला गेला. फोन बंद!

सुट्टी संपल्यावर आला तो हातात पेढ्यांचा डबा घेऊन. बेटाचं शेवटचं टोक पाण्यावर आलं होतं म्हणून. सगळ्यांना पेढे. आता हा पासपोर्ट देईल या आशेने काकांनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि तेवढ्यात आई गेल्याचा भावाचा दुसरा फोन आला. त्यानंतर काकांनी पेढा म्हणून खाल्ला नाही. आई शेवटपर्यंत एकच विचारत होती म्हणे, "झिल इलो?" मुलगा आला का?

मेल्या कारखानीसा!

हा माणूस दोन वर्षांपूर्वी कॉर्कला आला. निवृत्त होऊन, मुलाकडे राहायला. गणपतीत पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचा, "दुबई आम्ही उभी केली हो," असं सांगत फिरायचा. काकांना त्याने ओळखलंसुद्धा नाही. काकांनी मात्र दारातूनच ओळखलं, आरतीचं ताट माझ्या हातात दिलं आणि घरी निघून गेले. मी म्हटलं, चारचौघांत विचारा ना जाब! काका म्हणाले, "भरती येऊ दे."

भरती आली एका रविवारी सकाळी. मंडळाच्या ग्रुपवर संदेश होता. कारखानीसकाकांची मोठी बहीण पुण्यात अत्यवस्थ आहे, त्यांना आजच डब्लिनहून निघायचंय, मुलगा जर्मनीत आहे, वादळामुळे बस बंद आहेत, कुणी गाडीने सोडेल का? मी वाचते आहे तोच खाली उत्तर आलं. राणेकाका. "मी नेतो."

खरं सांगते, मला आनंद झाला. मी लगेच काकांना फोन केला, डब्लिनला सँट्रीत मावसबहिणीकडे जायचंच आहे, मलाही घ्या. सँट्री विमानतळाला लागून, सबब चांगली होती. काका सगळं समजले. "ये. पण तोंड उघडूचा नाय."

कारखानीस पुढच्या सीटवर बसला. काकांनी गाडी सुरू करायच्या आधी अगदी सहज हात पुढे केला. "पासपोर्ट द्या बघू. मुदत बिदत तपासलेली बरी." त्याने दिला. काकांनी पानं चाळली आणि पासपोर्ट स्वतःच्या खिशात, आपल्या पासपोर्टाला चिकटून ठेवला. कारखानीसला वाटलं असेल, म्हातारा काळजी घेतोय.

रस्ताभर तो आपल्या ताईबद्दल बोलत होता. आई लवकर गेली, ताईनेच वाढवलं, शाळेत सोडायला तीच यायची. मग मन दुसरीकडे वळवायला म्हणून दुबईवर आला. काका शांतपणे एकेक सांगत होते, मोती, खाडी, वाळू. तो "वा, वा" करत होता. वाटेत पोर्टलीश गावाच्या अलीकडे काकांनी गाडी महामार्गावरच्या एका उपाहारगृहाच्या आवारात घेतली, चहा मागवला आणि खिडकीजवळच्या टेबलाशी बसले. फुंकर मारून घोट, पुन्हा फुंकर. कारखानीसचा चहा निवला. तो घड्याळ बघायला लागला. शेवटी म्हणाला, "निघायचं का आपण? उशीर होईल."

काका त्याच्याकडे बघत म्हणाले, "सर्व्हे संपू दे."

आधी त्याला कळलं नाही. मग कळलं. त्याचा चेहरा असा उतरला की काय सांगू! माझ्या मनात नुसत्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"राणे? तुम्ही... अहो, मी नोकरमाणूस. वरून हुकूम असायचे."

"किल्ली तुझ्या खिशात होती."

"चुकलं माझं. पण ताई वाट बघतेय हो. द्या ना पासपोर्ट."

"माझ्या आवशीचा नाव काय?"

काकांच्या आईचं नाव कारखानीसला कुठून माहीत असणार? शेजारच्या टेबलावरची आयरिश बाई आमच्याकडे बघायला लागली. काकांनी आवाज चढवला नाही. "द्रौपदी. द्रौपदी राणे. म्हण."

त्याने म्हटलं.

"आयकाक नाय इला."

त्याने मोठ्याने म्हटलं आणि तिथेच तोंड झाकून रडायला लागला. मला त्याची दया आली असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं काही नाही. मी मनात म्हणत होते, काका, अजून एक चहा मागवा. जाऊ दे विमान. कळू दे त्याला. पण काकांनी कप सरकवला, उठले आणि त्यानंतर गाडी अशी हाणली की मी दरवाजाची कडी घट्ट धरून बसले. विमानतळाच्या दाराशी त्यांनी पासपोर्ट काढला, कारखानीसच्या हातात दिला आणि त्याने पाया पडायला वाकू नये म्हणून गाडीची काच वर केली.

तो वेळेत पोचला. बहिणीने ओळखलं, त्याच्या हातचं पाणी घेतलं. ग्रुपवर हात जोडल्याच्या चित्रांसकट लांबलचक आभार आले, "राणेसाहेबांचं मोठं मन" वगैरे. काकांनी त्याच दिवशी ग्रुप सोडला.

त्या रविवारी मी मात्र सँट्रीला उतरलेच नाही, सबंध रस्ता परत कॉर्कपर्यंत काकांशी भांडत आले. "मी असते तर पासपोर्ट डब्लिनच्या लिफी नदीत फेकला असता! तुमच्या हातात आला होता तो, आणि तुम्ही त्याला सोडलंत?"

"त्याका खय सोडलंय?" काका म्हणाले. "पण ती बाय वाट बघी होती. तिणा माझा काय वाईट केल्यान?" मग म्हणाले, "कोणाची तरी बघलेली वाट फुकट जाऊक नको."

गेल्या हिवाळ्यात काका गेले. धक्क्यावरून परत येताना छातीत कळ आली, तेवढंच. दहन इथेच, रिंगास्किडीजवळच्या त्या छोट्या बेटावरच्या दहनगृहात झालं. चारी बाजूंनी त्यांनीच मोजलेलं पाणी. राणेकाकूंनी मला सांगितलं होतं, दोन शब्द बोलायची व्यवस्था तू बघ. बंदरावरचे दोघं बोलले, मी बोलले. तेवढ्यात मागून कारखानीस पुढे आला, काळा कोट, हातात पांढरं फूल. घसा साफ करून म्हणाला, "राणेसाहेबांनी मला किती मोठ्या मनाने क्षमा केली, ते मी आज सर्वांना..."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी उठले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "त्यांनी तुम्हाला माफ केलं नव्हतं. मी गाडीत होते. त्यांनी तुम्हाला तुमच्या बहिणीसाठी पोचवलं. आता बोलायचंच असेल तर एवढंच सांगा, त्या सुट्टीत तिजोरीची किल्ली कुठे होती?"

जमलेल्या गोऱ्यांना मराठी कळलं नाही, पण प्रश्न विचारलाय हे कळलं आणि सगळे उत्तराची वाट बघत राहिले. मीही राहिले. त्याने एकदा काकूंकडे बघितलं. काकूंनी त्याच्याकडे बघितलं नाही. मग हातातलं फूल एका रिकाम्या खुर्चीवर ठेवून तो बाहेर पडला.

सगळं आटोपल्यावर मी ते फूल उचललं आणि बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. वळले तर मागे काकू उभ्या. मला वाटलं, आता रागावतील, अशा दिवशी असं करू नये म्हणतील. त्या पुढे आल्या आणि डब्याचं अर्धवट उघडं राहिलेलं झाकण हाताने दाबून घट्ट बंद केलं.