खोक्यातला घास

दुकानात त्याला सगळे ‘चटका’ म्हणत. तळणावर उभं राहून राहून त्याच्या हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत तेलाचे इतके डाग पडले होते, की नवीन माणूस आधी त्याचे हात बघे आणि मग तोंड. चौकातल्या त्या झगमगीत दुकानात फ्राइज, नगेट्स आणि बर्गर मिळत. पुढच्या बाजूला रंगीत खुर्च्या, फुगे, हसऱ्या मुलांची पोस्टरं. मागच्या बाजूला उकळतं तेल, निसरडी फरशी आणि हा. यंत्राने पीं पीं करायच्या आधीच याला कळे, की जाळी आता वर घ्यायची. मॅनेजर मॅडम एकदा म्हणाल्या होत्या, यंत्र बंद पडलं तरी भागेल, पण चटका आजारी पडता कामा नये. हे वाक्य त्याने घरी बायकोला किती वेळा ऐकवलं असेल याची गणती नाही. माणूस वाईट नव्हता. कौतुकाचा भुकेला होता, इतकंच.

घरात बायको आणि एक मुलगी. मुलगी पहिलीतली, अंगाने टिचभर, म्हणून तिला ‘टिचकी’ म्हणत. बायको घरीच शिवणकाम करी. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, सुटलेल्या माणसाचे कपडे उसवून सैल करायचे. खिडकीशी तिचं मशीन, आणि मशीनभोवती गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे गठ्ठे. त्या गठ्ठ्यांतून वाट काढत ती स्वयंपाकघरात जाई आणि तिथे दुसरी लढाई सुरू होई.

टिचकीच्या खाण्याने आईच्या नाकी नऊ आले होते. भाजी हिरवी तर हिरवी म्हणून नको, लाल तर लाल म्हणून नको. भाताला भाजीचा रस लागला की तो भात बाद. अंड्यातला पिवळा भाग नको. आणि पिवळा काढून टाकला तर त्याचा वास लागला म्हणून पांढराही नको. आईने गोष्टी सांगितल्या, लाडीगोडी लावली, एकदा वैतागून पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच मोरीत जाऊन रडली. टिचकीची जिवणी एवढीशी, पण एकदा मिटली की मिटली.

आता त्या दुकानाचा एक नियम होता. तळलेला माल ऊन ठेवणाऱ्या दिव्याखाली ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त राहिला की गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, फेकून द्यायचा. मॅडमचं मन मोठं. पाळी संपायच्या सुमारास त्या मुद्दाम दुसरीकडे बघत आणि कामगार आपापले खोके भरून घेत. एका संध्याकाळी चटक्यानेही एक खोका घरी आणला. टिचकीने एक नगेट उचललं, हुंगलं, चावलं. मग दुसरं उचललं. खोका रिकामा झाल्यावर ती बापाच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, की तू सगळ्यात चांगला बाबा आहेस.

झालं, स्वारी विरघळली. त्या दिवसापासून खोका रोजचा झाला. बायको कुरकुरली, तर हा म्हणे, पोरगी उपाशी झोपत होती, आता खाते तरी आहे. हे खोटं नव्हतं. पण त्याच्या पोटात आणखी एक कारण होतं, ते तो स्वतःपाशीही कबूल करत नसे. आईने वाढलेलं ताट तसंच टाकून लेक आपल्या खोक्यावर झडप घालते, हे त्याला आवडत होतं. बायकोचं उतरलेलं तोंड दिसूनही आवडत होतं. माणूस आपल्याच घरात, आपल्याच बायकोशी अशी शर्यत लावतो आणि जिंकल्याचा आनंदही मानतो. त्याला काय म्हणावं?

मग टिचकीचं पोट साफ होईना. जिना चढताना ती मध्येच पायरीवर बसू लागली. आणि एक दिवस शाळेच्या रांगेत चक्कर येऊन पडली. डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली, रक्त तपासून घेतलं. रक्त फार कमी होतं. मुलगी रोज काय खाते, असं त्यांनी विचारलं. चटक्याने सांगितलं, पण त्याचा आवाज इतका खाली गेला की त्यांना पुन्हा विचारावं लागलं. बाहेरचं खाणं आजपासून बंद, असं बजावून त्यांनी औषध दिलं. परतताना तो टिचकीला कडेवर घेऊन चालत होता. ओझं असं काही नव्हतंच. जो माल गिऱ्हाइकाला चालत नाही तो आपण हौसेने हिच्या पोटात भरला, हे त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची किळस वाटली.

खोका बंद झाला आणि टिचकीने संप पुकारला. दूध आणि बिस्किटं, बस्स. बाकी काही समोर आलं की तोंड भिंतीकडे. औषध थुंकून टाकायची. असंच चालू राहिलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आणि ते शब्द दोघांच्याही डोक्यात घण घालत होते.

तोड काढली ती बायकोने. एका पँटीची शिवण उसवता उसवता ती म्हणाली, “मला वाटतं तिला खोका हवाय. आत काय आहे त्याचं तिला फारसं नसावं. तुम्ही रिकामे खोके आणा. बाकी मी बघते.”

ती खरंच बघू लागली. टिचकी शाळेत गेली की ही मशीन बंद करी. पालक उकडून वाटायचा, मसूर शिजवून घोटायचे, त्यात किसलेलं गाजर, अंडं, थोडं चिकन. मग नगेटच्या मापाचे तुकडे थापून, पावाच्या चुऱ्यात घोळवून थोड्याशा तेलावर परतायचे. पहिल्या वेळचे फुटले. पुढचे हिरवे दिसले, म्हणून चुरा दुप्पट लावला. मापासाठी तिने दुकानातलं एक नगेट मागवून त्यावरून कागद बेतला होता; शिवणकाम करणारी बाई दुसरं काय करणार. चटका दुपारच्या पाळीला जाताना ते तुकडे डब्यातून नेई, दिव्याखाली ठेवून त्यांना दुकानाचा वास लागू देई, आणि संध्याकाळी खोक्यात भरून घरी आणी. म्हणजे घरातलं खाणं रोज दुकानाची वारी करून घरी परत येत असे. वेडेपणा म्हणायचा तर वेडेपणा, पण टिचकी खाऊ लागली. पहिल्या दिवशी खोका रिकामा झाला तेव्हा दोघं नवराबायको एकमेकांकडे बघून चोरासारखे हसले.

ते हसू फार टिकलं नाही. खाताखाताच टिचकी म्हणे, आईला असं काहीच येत नाही. बोटं चाटत बापाला म्हणे, तुझ्या दुकानातलं किती छान असतं. आई समोर बसून पडद्याला काठ घालत असे. तिची मान वर होत नसे. आणि चटका लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत ते कौतुक सगळं घेई. घ्यावंच लागे, नाहीतर भांडं फुटलं असतं. पण नुसतं घेण्यापुरतं नव्हतं ते. त्याला ते अजूनही गोड लागत होतं, आणि म्हणूनच त्याला आपली लाज वाटत होती.

मध्ये एक गंमत घडली. गर्दीच्या वेळी दिव्याखालचे त्याचे घरचे तुकडे चुकून एका बाईंच्या ट्रेमध्ये गेले. बाई थोड्या वेळाने तरातरा परत आल्या, तेव्हा चटक्याच्या तोंडचं पाणी पळालं. नोकरी गेली असंच त्याने धरलं. बाईंनी विचारलं, की हा नवीन प्रकार कोणता, अजून एक खोका मिळेल का. मॅडमनी वेळ मारून नेली आणि मग मागे येऊन त्याला झापलं. झापून झाल्यावर एक तुकडा स्वतः खाल्ला आणि म्हणाल्या, तुझ्या बायकोच्या हाताला चव आहे. दुकानभर त्याची चर्चा झाली. कळलं नाही ते फक्त बायकोला. रोज दुकानातली बारीकसारीक बातमी घरी सांगणारा हा गडी ती एक बातमी गिळून बसला. आज सांगू, उद्या सांगू करत राहिला. खरं कारण त्याला माहीत होतं. मॅडमची शाबासकी आजवर त्याची एकट्याची होती.

महिन्याभराने पुन्हा रक्त तपासलं. वाढलं होतं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या, टिचकीला गोंजारून म्हणाल्या, “शहाणी मुलगी. काय खातेस गं हल्ली?”

“बाबाच्या दुकानातलं,” टिचकी म्हणाली. “आईचं मी नाही खात.”

डॉक्टरीणबाईंचं हसू मावळलं. त्या आईकडे वळल्या. औषधाने गुण आलाय, असं म्हणाल्या. कामाच्या रगाड्यात स्वयंपाक जमत नाही हे समजतं, पण मुलीसाठी आईने थोडे कष्ट घ्यायला हवेत. रोज बाहेरचं चारणं सोपं असतं. त्या शांतपणे बोलत होत्या आणि बायको मान खाली घालून ऐकत होती. तिच्या बोटांना गाजराचा रंग लागलेला होता. चटका शेजारच्या खुर्चीत होता. टिचकीला बाहेर पाठवून दोन वाक्यं बोलता आली असती. एवढं सोपं होतं. तो भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत बसला.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, बरं केलंत, बोलला नाहीत ते. पोरीच्या कानावर गेलं असतं तर सगळंच मुसळ केरात. तिने त्याला अशी सबब आयती हातात दिली, आणि त्याने ती घेतली. रस्ताभर त्याला वाटत राहिलं, की हिने भांडायला हवं होतं. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर काही दिवसांनी दुकानाचं गटार तुंबलं आणि दुरुस्तीसाठी दुकान बंद राहिलं. चटका घरी. खोका नाही, दिवा नाही, वास नाही. बायकोने तुकडे नेहमीसारखेच केले, आणि तव्यावरून उतरवताना त्याच्याकडे न बघता म्हणाली, “आज मी ताटात वाढते. एकदा माझ्या हातचं म्हणून खाल्लं तिने, तर मला दुसरं काही नको.”

तो नको म्हणू शकला नाही. टिचकी शाळेतून आली, हातपाय धुऊन बसली. आईने ताट पुढे ठेवलं. तेच तुकडे, त्याच मापाचे, रोजच्यापेक्षा ताजे. टिचकीने एक उचलला, हुंगला, टोकाला जीभ लावली आणि परत ठेवला.

“हे बाबासारखं नाहीये. तुझं तुझ्यासारखंच लागतं.”

आई हसायला गेली, पण तिला ते जमलं नाही. तिने बराच वेळ वाट पाहिली. एकदा तुकडा मोडून पुढे केला. जिवणी मिटलेली. मग ती ताटावर ताटली झाकून उठू लागली. चटक्याला ते बघवेना. त्या झाकणाऱ्या हाताकडे बघताना त्याला कळून चुकलं, की आज गप्प बसलो तर जन्मभर गप्पच बसावं लागेल.

“टिचके,” तो म्हणाला, “रोज खातेस ना, ते आईनेच केलेलं असतं. दुकानातलं नसतं.”

“खोटं.”

“खरं. तू शाळेत गेलीस की आई करते. मी डब्यातून घेऊन जातो आणि संध्याकाळी खोक्यात घालून आणतो. दुकानातल्या एका बाईंना चुकून गेलं, तर त्यांनीसुद्धा पुन्हा मागितलं. मॅडम म्हणाल्या, आईच्या हाताला चव आहे.”

हे शेवटचं ऐकून बायकोने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर खाली वळवली.

टिचकी कपाळाला आठ्या घालून विचार करत होती. तिने ताटली उचलून तुकड्यांकडे निरखून पाहिलं, मग आईकडे, मग बापाकडे.

“मग तू काय करायचास?” तिने विचारलं.

प्रश्न साधा होता. रागही नव्हता त्यात. काहीच नाही, एवढंच खरं उत्तर होतं, आणि ते चटक्याच्या तोंडून निघेना.

“बाबा ते ऊन ठेवायचे,” आई म्हणाली. “तुला थंड आवडत नाही ना, म्हणून.”

तिने त्याला वाचवलं. आजसुद्धा. तिने शिव्या दिल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं.

टिचकीने तुकड्याला बोट लावून पाहिलं. एव्हाना तो गार झाला होता. तिने ताट दोन्ही हातांनी उचललं आणि बापापुढे धरलं.

“मग ऊन कर. मग मी आईचं खाते.”

चटका ताट घेऊन घाईघाईने स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर काही नव्हतं. बायको वापरलेलं भांडं लगेच घासून ठेवणारी. त्याने खालचं कपाट उघडलं, तिथे डबे होते. वरचं उघडलं, तिथे पेले. कोपऱ्यातल्या फळीखाली हात घातला, तर जुनी किसणी हाताला लागली. दुकानातली एकूण एक जाळी अंधारातही त्याच्या हाताला सापडे. बाहेरून टिचकी विचारत होती, झालं का. ताट हातात धरून तो दाराशी आला आणि बायकोला म्हणाला,

“अगं, आपल्याकडे तवा कुठे असतो?”