दोनदा भरलेला बार

गंधकाचा तो वास अजूनही कधीतरी कुठूनसा येतो... बंदुकीच्या जळलेल्या दारूचा नव्हे, जळण्याआधीचा. किंचित आंबूस, कोळशाच्या धुळीत मिसळलेला, आणि त्यामागोमाग नारळाच्या काथ्याचा कोरडा, उन्हात तापल्यासारखा वास. उदगीरपासून तासाभराच्या अंतरावरील आमच्या गावी भुईमूग भरत आला, की रानडुकरं शिवारात उतरत, आणि माझे वडील, अण्णा, परवान्याची ठासणीची बंदूक फडताळातून बाहेर काढत. तिच्यात छर्रा त्यांनी कधी घातला नाही. नुसता आवाजाचा बार — डुकरं पळाली, की काम झालं.

बार भरण्याचा त्यांचा एक शांत रिवाज होता. चुलीपासून दूर, अंगणात गोणपाट अंथरून ते बसत. पितळी मापानं एकदाच दारू नळीत सोडत, वर काथ्याचा बोळा, मग लोखंडी गजानं हलके हलके ठासणं... गजावर कानशीनं कोरलेली एक खूण होती. बार योग्य भरला, तर ती नेमकी नळीच्या तोंडाशी येई. वर राहिली, तर दारू जास्त झाली. जास्त दारूनं नळी फुटते, आणि ती फुटते गालाशी — हे अण्णांनी मला फार लहानपणी सांगून ठेवलं होतं. तेवढा वेळ घरात कुणी बोलत नसे.

सहावीत असताना त्यांनी ते माप पहिल्यांदा माझ्या हाती दिलं. आई म्हणाली, “पोरीला बंदूक शिकवून राहिलात, भाकरी कोण शिकवील?”

“भाकरी मी बी थापतो की,” अण्णा म्हणाले, आणि हसू लपवायला आई आत गेली.

मी दारू ओतत असतानाच शेजारचे गणपतकाका सांगत आले, की डुकरं दिवसाउजेडीच आमच्या वावरात शिरली आहेत. अण्णा उठून फाटकाशी गेले. मी एकटीच उरले. बोटांना चिकटलेले ते काळे कण उतरत्या उन्हात असे चकाकत होते, की पाहता पाहता मी हरवले... आणि भानावर आले, तेव्हा माप ओतून झालं होतं की नाही, तेच आठवेना. मी पुन्हा ओतलं. बोळा ठासला. खूण नळीच्या तोंडापासून दोन बोटं वर उभी राहिली.

एरवी ती खूण अण्णा स्वतः पाहत. त्या दिवशी घाईत त्यांनी मलाच विचारलं, “गज बघितलास?”

“हाव,” मी म्हणाले.

माप पुन्हा कधीच हाती मिळणार नाही, एवढंच त्या क्षणी मला दिसत होतं. अण्णा बंदूक घेऊन निघाले, वळणाशी दिसेनासे झाले, आणि मग मला त्यांचा गाल दिसू लागला — दाढीचे पांढरे खुंट असलेला, बंदुकीला टेकलेला गाल. मी अनवाणी धावत सुटले. बांधावर पोचले, तेव्हा ते खिशातून ठिणगी पाडणारी टोपी काढत होते.

“अण्णा, खूण वर हाय. मी खोटं बोलले.”

ते तिथंच खाली बसले. त्यांनी बोळा उपसला, नळी उपडी केली. मातीवर दोन मापांचा काळा ढीग सांडला. त्या सांजेला बार झालाच नाही, आणि डुकरांनी भुईमुगाच्या तीन ओळी उकरून टाकल्या. पुढच्या खेपेला माप त्यांनी पुन्हा माझ्याच हाती दिलं; गज मात्र स्वतः पाहिला.

अण्णा गेले, बंदूक ठाण्यात जमा झाली. मी नांदेडला महाविद्यालयात शिकवते. खोटं बोलून मान खाली घातलेली एखादी मुलगी समोर उभी राहिली, की मला तो बांध आठवतो — रिकामी बंदूक मांडीवर आडवी ठेवून, माझ्या धुळीनं माखलेल्या पायातला काटा हलकेच काढत, माझ्याकडे न पाहता अण्णा एवढंच म्हणाले होते,

“येऊन सांगितलंस.”