इंगोलेच्या बडतर्फीचं टपाल

सरकारी ऑफिसात किस्से शोधावे लागत नाहीत, फायलींवरच्या धुळीसारखे आपोआप साचतात. पण सत्तरच्या दशकात वाशीमला मी आवक-जावक कारकून असताना जे पाहिलं, ते सांगितलं की लोक आजही म्हणतात, "काहीतरीच काय सांगता!"

आमचा शिपाई इंगोले. त्याच्या घराण्यातली पहिली सरकारी नोकरी! एका सोमवारी साहेब त्याला म्हणाले, "आमच्या सासूबाईंना मालेगावला पोचवून ये." मालेगाव म्हणजे आमच्या वाशीमजवळचंच; तो एसटीनं पोचवून आला, पण सासूबाईंचं गाठोडं गाडीतच राहिलं. मंगळवारी त्याच्या हातात मेमो पडला, 'विनापरवानगी गैरहजर'! मी वाचला आणि ओळखलं, हा गाठोड्याचा राग!

*

चौकशी लागली. तक्रारदार साहेब, साक्षीदार साहेब आणि चौकशी अधिकारीही साहेबच!

ते स्वतःलाच विचारायचे, "इंगोले जागेवर होता का?" मग घसा खाकरून उत्तर द्यायचे, "नव्हता." स्टेनो लिहून घेत होता. मध्येच साहेब स्वतःला दरडावून म्हणाले, "नीट आठवून सांगा!"

*

इंगोलेनं हात जोडले. "सायेब, मले तुमीच धाडलं होतं. सासूबाईले साक्षीले बोलवा ना, त्याच सांगतीन!"

सासूबाईंचं नाव निघताच साहेबांनी फाइल मिटली. "चौकशी संपली!"

*

बारा वर्षांच्या नोकरीवर शिक्षा काय, तर बडतर्फी! एवढ्याशा गोष्टीला! आम्ही सगळे हादरलो, पण तोंड कुणीच उघडलं नाही. मीही नाही, त्याची लाज अजून वाटते.

ऑर्डर घरच्या पत्त्यावर पोचवायची होती. आणि टपाल वाटायचं काम कुणाचं? इंगोलेचंच! मी खाली मान घालून पाकीट दिलं.

त्यानं नाव वाचलं. "बाबूजी, हे तं माह्यंच हाय."

तरी नेलं. घरी बायकोचा अंगठा टपालवहीत घेतला, दुसऱ्या दिवशी वही जमा केली आणि मग खाकी कपडे उतरवून ठेवले.

*

प्रकरण नागपूरला हायकोर्टात गेलं. रेकॉर्ड घेऊन मीच गेलो होतो.

न्यायमूर्तींनी विचारलं, "तक्रारदार कोण?" सरकारी वकिलांनी नाव वाचलं. "साक्षीदार?" पुन्हा तेच नाव. "चौकशी अधिकारी?" वकिलांनी तेच नाव तिसऱ्यांदा वाचलं.

न्यायमूर्तींनी चष्मा काढला. "आरोपी तेवढा दुसरा नेमला, हे साहेबांचे उपकारच म्हणायचे!"

शिक्षा रद्द झाली. इंगोलेला कामावर घ्या, असा हुकूम निघाला.

*

तो हुकूम आठ दिवस माझ्या टेबलावर पडून! का? तर इंगोलेच्या जागी दुसरा शिपाई भरलाच नव्हता, मग टपाल नेणार कोण?

शेवटी तोच विचारायला आला. मी म्हटलं, "अरे, इथंच सही कर आणि घे!"

"नाई बाबूजी. ते टपाल घरी गेलतं, हेबी घरीच जाईन."

त्यानं वही काखेत मारली. मला राहवेना, मीही सोबत गेलो. आपल्याच दारात उभं राहून त्यानं हाक मारली, "वच्छला, सरकारी टपाल हाय व! आंगठा दे."

आतून वैनी कडाडल्या, "त्या खेपी न इचारता देल्ला. आता आदी वाचून दाखवा, मंग आंगठा!"