बुधवारच्या अंड्यांचं वाक्य

मालतीबाईंची आणि माझी पहिली ओळख २०१४ सालची. तलासरी तालुक्यातल्या एका निवासी शाळेत मी नववीत होते आणि बाई रोज बोर्डीहून एसटीने इंग्रजी शिकवायला येत.

त्या दिवशी फळ्यावर ‘गेट अवे विथ’ होतं. चूक करायची आणि शिक्षेविना सुटायचं. आम्ही सगळ्यांनी गाईडमधला चोर वहीत उतरवला. बाई वैतागल्या. “हा चोर तुमच्यापैकी कोणी पाहिलाय? डोळ्यांनी पाहिलंय तेच लिहा!”

मग मी लिहिलं, ‘सुपरिंटेंडंट सर टेक होम अवर वेन्सडे एग्ज अँड गेट अवे विथ इट.’ बाईंनी दोन्ही क्रियापदांना ‘एस’ लावला आणि वाक्य सरळ फळ्यावर घेतलं.

नेमके वसतिगृहाचे अधीक्षक व्हरांड्यातून चालले होते. दारातच थबकले. “कोणाचं आहे हे? नाव सांगा, आजच घरी पाठवतो.”

घरी, म्हणजे आईबरोबर वीटभट्टीवर. शाळा तिथेच संपली असती.

“माझं आहे,” बाई म्हणाल्या. “अक्षर ओळखू येत नाही का, सर?”

पुढच्या बुधवारपासून बाई ताट घेऊन आमच्या पंगतीत मांडी घालून बसू लागल्या. गुडघे दुखत, उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवत. ताटात अंडी आली. बाईंना मात्र मेमो आला, आणि वर्षाअखेरीस बदली. अधीक्षकही गेले, पण बढतीवर. आज ते कुठल्या पोरांच्या पंगतीवर देखरेख करत असतील, या विचाराने मला अजून स्वस्थ बसवत नाही. घरचे म्हणतात, सोडून दे आता. नाही सुटत. हे खूळ बाईंनीच लावलं.

हल्ली कॉलेज सांभाळून मी सरावली गावात शिकवणी घेते. वहीत गाईडमधला चोर दिसला की वही परत करते.

आम्ही विद्यार्थी साठीचा सत्कार करणार हे कानावर जाताच बाई म्हणाल्या, “कशाला गं? मी काय केलं एवढं?” बाई, तुम्ही माझ्यासमोर आयुष्यात एकदाच खोटं बोललात. ते आज या गौरव अंकात सगळ्यांदेखत छापून उघड करते. वाक्य माझं होतं. यू वोन्ट गेट अवे विथ इट.

खूप जगा, ठणठणीत राहा, आणि गुडघे तेवढे जपा. एखाद्या बुधवारी आपल्या दोघींना न सांगता कुठल्यातरी वसतिगृहाच्या पंगतीत जाऊन बसायचं आहे. उठताना आधाराला मी आहेच.