आमेनच्या पुढचं

माझं लग्न ठरलं त्याच हिवाळ्यात नागपूरचे अर्धे कॅथलिक धर्म सोडून जाणार होते. असं माझे बाबा म्हणत होते, आणि बाबा काही म्हणाले की ते रेल्वे क्वार्टरांच्या शेवटच्या नळापर्यंत ऐकू जायचं. त्या आवाजाच्या जोरावरच वर्कशॉपमधला हा फिटर आमच्या चर्चच्या गायकमंडळाचा म्होरक्या झाला होता. परिसरातलं एकही लग्न बाबांच्या लॅटिन गीतावाचून लागलं नव्हतं.

साठचं दशक सरत आलं होतं. रोमहून हुकूम आला होता की मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, यापुढे लोकांच्या भाषेत करायची. आमचे गोरे म्हातारे फादर उत्साहाने हार्मोनियम आणि तबला घेऊन आले आणि मराठीला सुरुवात करू या म्हणाले. झालं! आमच्या चर्चमध्ये तमिळ गार्ड होते, गोव्याच्या नर्सा होत्या, अँग्लो-इंडियन ड्रायव्हर होते आणि आम्ही मूठभर मराठी. लॅटिन कोणाच्याच घरची नव्हती, म्हणून ती सगळ्यांची होती. आता जो तो विचारू लागला, मराठीच काहून? शेजारची गोव्याची आंटी तर दारात बसून रडली. देवाला मराठीत हाक मारायची म्हणजे भाजीवाल्याला हाक मारल्यासारखं, असं तिचं म्हणणं. चर्चमध्ये फक्त पारवे उरतील, हे भाकीतही तिचंच.

बाबा तर मराठीच, पण सगळ्यात जास्त तेच भडकले होते. त्यांना लॅटिनचं एक अक्षर कळत नव्हतं, आणि ते हे अभिमानाने सांगत. समजलं तर मग त्यात देवाचं काय राहिलं, असा त्यांचा सवाल असे.

त्यात फादरांनी कळस केला. मराठीतलं पहिलं लग्न माझंच लागेल आणि त्यात लॅटिन गीत नसेल, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. बाबांनी त्याच संध्याकाळी घोषणा केली की आपण आता या चर्चची पायरी चढणार नाही. पोरीला वेदीपर्यंत मामा नेईल. कळमेश्वरच्या मामाला निरोप गेला, मामाने सूटही शिवायला टाकला. मी हसून साजरं केलं, पण मला मामा नको होता. लहानपणापासून दुसऱ्यांच्या लग्नात बाबांना गाताना ऐकत मी माझ्या लग्नाचं चित्र रंगवलं होतं, आणि त्या चित्रात कळमेश्वर कुठेच नव्हतं.

आई मात्र शांत होती. तांदूळ निवडता निवडता तिने विचारलं, धर्म सोडून जाणार तर कुठे?

हा प्रश्न बाबांच्या डोक्यात आलाच नव्हता. इतवारीत कापडाचं दुकान असलेले एक शेटजी त्यांचे दोस्त होते. त्यांनी मोठ्या मनाने आमच्या देवळात या म्हटलं. बाबांनी नाही म्हटलं, कारण तिथे सगळं संस्कृतात आणि आपल्याला काही समजणार नाही. आई म्हणाली, मग तर बरंच आहे, लॅटिनसारखंच. बाबा सायकल काढून वर्कशॉपला निघून गेले.

शेवटी त्यांनी प्रोटेस्टंटांच्या चर्चमध्ये जायचं ठरवलं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या सगळं मराठीतच चालत असे! आईने हे लक्षात आणून दिलं तेव्हा बाबा म्हणाले, "त्यांची मराठी जुनी आहे. आमच्यावानी काल शिकलेली नाही." नजर ठेवायला आईने मला त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसवून दिलं.

आम्ही चोरासारखे मागच्या दाराने शिरलो. बाकाशी पोचताच बाबांनी सवयीने एक गुडघा जमिनीला टेकवला आणि कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली. तिथे असं कोणी करत नाही. पुढची दोनचार डोकी वळली. मीही ओशाळून बाजूला पाहिलं, तर डोक्यावरून ओढणी पुढे ओढून गोव्याची आंटी बसलेली. तिच्या पलीकडे दोन तमिळ गार्ड. खांबाआड एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर. आमचे सगळे धर्म सोडणारे मागच्या दोन बाकांवर गोळा झाले होते आणि एकमेकांना ओळख दाखवत नव्हते.

मग प्रभूची प्रार्थना आली. ती दोन्हीकडे एकच, फक्त आमची तेव्हा "वाइटापासून सोडव" इथे संपायची आणि त्यांची आणखी एक ओळ पुढे जायची. हे आमच्यापैकी कोणाच्या गावी नव्हतं. मराठी शब्द कोणाला येत होते, कोणाला नव्हते, पण थांबायची जागा सगळ्यांच्या हाडात बसली होती. त्या जागी मागच्या दोन बाकांवरून एकदम दणदणीत "आमेन" उठलं, आणि सगळं चर्च मात्र पुढे चालू. राज्य, सामर्थ्य, गौरव. आंटीने तोंडात ओढणी कोंबली. मी बाकाखाली वाकून इतकी हसले की वेणीतलं फूल पडलं. परतताना बाबा एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी चूक नाही होणार."

आणि ते पुढच्या रविवारीही गेले, त्याच्या पुढच्याही. त्यांनी परत यावं म्हणून आईने देवाजवळ काय कबूल केलं कोण जाणे. लग्नाचा दिवस जानेवारीत उजाडला, तरी बाबांचा हेका सुटला नव्हता.

त्या सकाळी त्यांनी दाढी केली, कोट चढवला आणि सायकल घेऊन निघून गेले. मी पांढऱ्या साडीत, डोक्यावर जाळी, मामाचा हात धरून चर्चच्या दारात आले. बाबा आत होते. शेवटच्या बाकावर, हाताची घडी घालून, पाहुण्यासारखे. हार्मोनियम वाजू लागलं. मी त्यांच्या बाकापर्यंत चालले आणि थांबले. मामाने ओढलं, मी हलले नाही. पेटीवाल्याने चाल पहिल्यापासून धरली, मग पुन्हा धरली. सगळे मागे वळून पाहत होते आणि नवरदेवाच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"बाबा," मी म्हटलं, "मले मामासंग नाही जायचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मामाच्या नव्या सुटाकडे पाहिलं. "चाल वं," ते उठत म्हणाले, "नवरदेव बिचारा तिथं घामानं भिजून राहिला."

आम्ही वेदीपर्यंत गेलो. माझ्या अंगात आनंद असा मावत नव्हता की तबल्याच्या ठेक्यावर पाय पडू नये म्हणून मला जपून चालावं लागलं. मग पहिल्या बाकावर बाबा आईशेजारी बसले, आणि प्रभूची प्रार्थना आली. सगळं चर्च आमेन म्हणून थांबलं. बाबा थांबले नाहीत. आता त्यांची चूक होणार नव्हती. राज्य, सामर्थ्य, गौरव, सगळं त्या आवाजात छताला जाऊन भिडलं. आणि मधल्या बाकावरून आंटी, मागून ते दोन गार्ड, खांबाआडून तो ड्रायव्हर, सगळे त्यांच्याबरोबर! कोण कोण कुठे जात होतं ते भर मिस्सेत उघडं पडलं. आईने डोक्याला हात लावला.

फादर खाली मान घालून थांबले होते. त्यांचे खांदे हलत होते. "आणखी काही राहिलं असंल तर म्हणून घ्या गा," ते म्हणाले, आणि चर्च एवढं हसलं की वरचे पारवे उडाले.

लॅटिन गीत मात्र झालं नाही. फादरांनी दिलेला शब्द पाळला, बाबांनीही मागितलं नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं माझ्या सासरी, भुसावळला जाणाऱ्या गाडीत बसलो. पोचवायला सगळी क्वार्टरं फलाटावर आली होती. आई रडत होती, बाबा माझ्याकडे न बघता डब्याचं दार नीट लागतं का तपासत होते. शिट्टी झाली, गाडी हलली. तेव्हा बाबांनी टोपी काढली आणि छाती भरून ते लॅटिन गीत सुरू केलं. आंटीने दुसरा सूर धरला. हमाल डोक्यावरची ट्रंक न उतरवता उभे राहिले. गाडी वेग घेत होती, मी खिडकीतून अर्धी बाहेर, हसत होते की रडत होते मलाच कळेना.

फलाट दिसेनासा झाल्यावर नवऱ्याने विचारलं, त्या गाण्याचा अर्थ काय?

"काय माहीत," मी म्हटलं. "बाबालेही नाही माहीत."