चिचटोल्याचा विनंती थांबा

अपडाऊनवाल्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. रोज तीच एसटी, त्याच सीट, तीच तोंडं! एक किस्सा भंडाऱ्यात चढतो, दुसरा वरठीत, तिसरा मोहाडीत, आणि तुमसर येईपर्यंत उभं राहायला जागा नसते.

परवा शाळेत एका नव्या मास्तरांनी विचारलं, "सर, मोहाडीच्या पुढे तो चिचटोला आहे ना, मूठभर घरांचा, तिथं विनंती थांब्याचा बोर्ड कसा काय लागला?"

मी म्हटलं, "माझ्या आतड्यामुळे."

ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतो आहे. मी गणित शिकवतो, आणि तापट आहे. गंमत मला जमत नाही. तर ऐका.

* * *

माझं पोट बरेच महिने बिघडलेलं होतं. जुलाब, कळा, वजन असं उतरलं की पँट पट्ट्याच्या भरवशावर! शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून आतडं पाहिलं, तुकडा तपासला, टीबी नाही याची खात्री केली आणि नाव सांगितलं: क्रोन्स.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये सगळ्यांना सांगावंच लागलं. पुष्पाताई शेजारच्या सीटवर. त्या तुमसरला दवाखान्यात सिस्टर आहेत. त्यांनी सोपं करून सांगितलं, "शरीराचीच फौज आतड्यावर चालून जाते. काहून, ते कोनालेच नक्की मालूम नाही. पन औषधानं आवरता येते."

मागच्या सीटवरून हेडाऊकाका म्हणाले, "म्हंजे घरचाच कुत्रा मालकाले चावून राहिला!" काका मोहाडीचे. घरात माग, तुमसरला कोसा रेशमाच्या साड्यांचा धंदा. मांडीवर साड्यांचा गठ्ठा आणि तोंडात प्रत्येक गोष्टीवर मत, असे ते रोज प्रवास करतात.

मग उपाय सुरू झाले. बेलाचा मुरब्बा, डाळिंबाची साल, ताकात सुंठ. वरठीला उतरणाऱ्या एका बाईंनी पायरीवरून ओरडून नजर काढायला सांगितलं.

पुष्पाताई म्हणाल्या, "गुरुजी, एका कानानं आयका अन् दुसऱ्या खिडकीतून सोडून द्या!"

* * *

आता पहिल्या थांब्याचा किस्सा.

त्या दिवशी मोहाडी सोडली आणि माझ्या पोटात मुरडा उठला. तुमसरपर्यंत निभणार नाही हे मला दोन मिनिटांत कळलं. घाम फुटला. कंडक्टर नंदूनं माझं तोंड पाहिलं आणि काही न विचारता दोरी ओढली. ड्रायव्हर शालिकभाऊ. ते बोलत नाहीत, फक्त ब्रेक मारतात! गाडी थांबली ती चिचटोल्याच्या पहिल्या घरासमोर.

घर देवकाबाईचं. अंगणात सरकारी योजनेतलं कोरा करकरीत संडास. मी दार उघडलं तर आत छतापर्यंत गोवऱ्या!

"माय वो! गुरुजी, थांबा जी!" म्हणत देवकाबाई धावली. टोपलं घेऊन गोवऱ्या काढू लागली. मी अंगणात एका पायावरून दुसऱ्या पायावर. चाळीस डोकी बसच्या खिडक्यांतून बाहेर. हेडाऊकाका ओरडले, "गुरुजी, पहाडे म्हना, पहाडे!"

मी सतराचा पाढा म्हणायला लागलो. आतून देवकाबाईचा आवाज आला, "दम धरा जी! दोनच टोपले राहिले!"

मी दम धरला. कसा धरला ते विचारू नका.

* * *

तेव्हापासून बस रोज तिथं थांबू लागली. कधी गरज पडायची, कधी नाही, पण शालिकभाऊंचा ब्रेक ठरलेला. देवकाबाईनं गोवऱ्या दुसरीकडे हलवल्या, आत बादली ठेवली, दाराला कडी लावून घेतली.

नागपूरच्या डॉक्टरांनी सुरुवातीला स्टेरॉइड दिलं. काय सांगू, जादू! पोट शांत. भूक अशी की मी माझा डबा वरठीतच संपवायचो आणि मोहाडीनंतर पुष्पाताईंच्या डब्याकडे बघत बसायचो. आणि तोंड? गोल गरगरीत! शाळेत हेडमास्तर म्हणाले, "वा, तब्येत सुधारली! आजारपण मानवलं तुम्हाला!"

मी खूश होऊन पुष्पाताईंना म्हटलं, "ताई, हेच चालू ठेवतो जन्मभर."

त्या माझ्यावर तडकल्या. "हे पावने आहेत, गुरुजी! चार दिवस गोड. ठेवून घेतले तं हाडं पोकळ करतीन, शुगर वाढवतीन. अन् मनानं बंदबी करू नका, डॉक्टर म्हनतीन तसं उतरवा."

डॉक्टरांनी उतरवायला सुरुवात केली आणि पोटानं पुन्हा डोकं वर काढलं. मी सकाळचं खाणंच सोडलं. उपाशी पोटी बस, उपाशी पोटी तास. बायको म्हणाली, "बिनपगारी रजा टाका, पण असे जाऊ नका." मला रजा नको होती. घरी बसलेला मास्तर फार लवकर म्हातारा होतो, हे मी पाहिलं आहे.

* * *

मग डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक, गोळ्या. जुन्या, स्वस्त, पण असर दिसायला महिने, आणि मधून मधून रक्त तपासत राहायचं. दुसरा, इंजेक्शन. असर लवकर, पण महाग, आणि अंगाची ताकद दबते म्हणून टीबीची तपासणी आधी. ताप आला तर अंगावर काढायचा नाही. "विचार करा, घरी बोला, मग या," ते म्हणाले.

घरी बोला! मी बसमध्ये बोललो. तिथंच चुकलं.

नंदूनं वरठीच्या पुढे थेट मतदान घेतलं. "गोळीवाले, हात वर!" खिडकीकडच्यांनी केले. "सुईवाले!" मधल्यांनी केले. वरठीला नुकत्याच चढलेल्या एका म्हाताऱ्यानं दोन्ही वेळा हात वर केला. नंदूनं टोकलं तर म्हणाला, "बापा, मी कोनाले नाराज करत नाही!"

पुष्पाताई उठून उभ्या राहिल्या. "ग्रामसभा आहे का हे? आतडं कोनाचं आहे?" सगळे हात खाली आले. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाल्या, "डॉक्टरले इचारा, घेतलं तं काय बिघडू शकते, नाही घेतलं तं काय बिघडू शकते, अन् लागू पडलं हे कसं कळन. त्याच्यावर ठरवा. या लोकाइले घरची भाजी ठरवता येत नाही."

* * *

पण खरा विरोध चिचटोल्यातून आला!

तोपर्यंत तिथं काय झालं होतं बघा. बस थांबतेच आहे म्हटल्यावर देवकाबाई वांग्याची पाटी घेऊन तुमसरच्या बाजाराला चढू लागली. मग कॉलेजच्या पोरी चढल्या. मग ज्याला काम होतं तो आणि ज्याला नव्हतं तोही! याआधी टोल्यावरचे लोक मोहाडीपर्यंत पायी जात. थांबा मागून मागून थकले होते. दर वेळी उत्तर एकच, तिथं प्रवासी नाहीत.

माझ्या औषधाची बातमी पोहोचली आणि एका सकाळी देवकाबाई चार बाया घेऊन माझ्या सीटपाशी आली. "गुरुजी, गोळ्याच घ्या जी. सुईनं तुमी पटकन बरे व्हाल. मंग गाडी कायले थांबन?"

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "आतडं आकसून राहिलं माझं! असंच चाललं तर कापा लागन म्हनतात. मले भेव वाटते, समजलं का? रोज भेव वाटते!"

हे मी बायकोलाही बोललो नव्हतो. शालिकभाऊंनी आरशातून मागे पाहिलं.

देवकाबाईनं हातातली पाटी खाली ठेवली. "मंग सुईच घ्या," ती म्हणाली. "आजच घ्या. थांबा गेला तेल लावत! आमी जलमभर पायीच गेलो, आखीन जाऊ. पन तुमी पाहिजे ना जी."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. डोळ्यांत पाणी होतं आणि ते कोणाला दाखवायचं नव्हतं. हेडाऊकाकांनी पहिल्यांदाच कशावरच मत दिलं नाही.

त्या आठवड्यात नागपूरला गेलो, पुष्पाताईंचे तिन्ही प्रश्न विचारले, उत्तरं नीट ऐकली. आतडं आकसायला लागलंय म्हणून डॉक्टरांचाही कल तिकडेच होता. इंजेक्शन ठरलं. मी ठरवलं!

* * *

इंजेक्शन थंड ठेवावं लागतं. पहिलं पुष्पाताईंच्या हातून घ्यायचं म्हणून मी बर्फाच्या पाकिटांचा डबा मांडीवर घेऊन निघालो. त्यांनी आधीच बजावलं होतं, "बर्फाले चिकटू देऊ नका, गोठलं तं वाया जाईन!" मी दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघत होतो.

समोरच्या बाईंना राहवलं नाही. "भाऊ, कुल्फी कशी दिली?"

हेडाऊकाका गठ्ठा थोपटत म्हणाले, "बाई, त्या एका कुल्फीत माझी कोसा साडी येते. अन् चाटली तं फायदा नाही, टोचून घ्या लागते!"

बाई पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

* * *

हळूहळू कळा थांबल्या. आणि एक सकाळ अशी आली की चिचटोल्याला ब्रेक लागला, चाळीस माना माझ्याकडे वळल्या, आणि मी बसूनच राहिलो.

"गुरुजी?" नंदू.

"नाही."

"पाहा बरं एकदा."

"अरे, नाही म्हटलं ना!"

टाळ्या! बसमध्ये टाळ्या, रस्त्यावर चिचटोल्याच्या टाळ्या, शालिकभाऊंचा हॉर्न! पुष्पाताई डोळे पुसत हसत होत्या. आणि त्या गोंधळात हेडाऊकाका गठ्ठा सीटवर ठेवून लगबगीनं खाली उतरले. "सवय लागली ना बापा," म्हणाले, "आता माझं पोट इथंच आयकते!"

* * *

आणि आता हे, ज्यातून तो बोर्ड लागला.

एका सकाळी मोहाडीला तपासणीवाले साहेब चढले. करडे, चष्मेवाले. चिचटोल्याला शालिकभाऊंच्या पायानं सवयीनं ब्रेक मारला आणि साहेब उठले.

"इथं थांबा नाही. गाडी का उभी केली?"

नंदूचा चेहरा पांढरा पडला. त्याचा आणि शालिकभाऊंचा रिपोर्ट जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. बाहेर देवकाबाई पाटी घेऊन उभी, आणि गाडी जरा लवकर आली म्हणून अर्धा टोला अजून घरातून निघत होता.

"साहेब, पेशंट आहे," नंदू म्हणाला.

"कुठे आहे?"

नंदूनं माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्या तोंडात अर्धा आलुगोंडा होता, म्हणजे आमच्याकडचा बटाटेवडा. दुसरा हातात.

"यांना काय झालंय?"

पुष्पाताई खोटं कधी बोलत नाहीत. "क्रोन्स," त्या म्हणाल्या. "रिपोर्ट आहेत."

मी आलुगोंडा गिळला, पोट धरलं आणि धूम ठोकली. अंगण ओलांडलं, आत शिरलो, कडी लावली. स्वच्छ फरशी, भरलेली बादली. पोट एकदम ठणठणीत, आणि मी आपला भिंतीकडे तोंड करून उभा. सवयीनं सतराचा पाढा सुरू केला.

साहेब मागोमाग अंगणात आले होते. त्यांचा आवाज आला, "किती वेळ लागतो यांना?"

आणि कधी न बोलणारे शालिकभाऊ बोलले, "साहेब, आजार मोठा आहे. सांगता येत नाही."

तेवढ्यात दारावर थाप पडली आणि देवकाबाईनं साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असा आवाज दिला,

"गुरुजी, दम धरा जी! दोघीच राहिल्या, बांधावरून पळत येऊन राहिल्या!"